केकिओंगा : एका संघनामाचा इतिहास

अमेरिकेतील 'नॅशनल असोसिएशन' ह्या आद्य व्यावसायिक बेसबॉल संघटनेचा पहिला सामना ४ मे १८७१ रोजी इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे झाला. यजमान केकिओंगा संघाने क्लीव्हलंडच्या फॉरेस्ट सिटी संघाचा २-० असा पराभव केला. पिचर बॉबी मॅथ्यूज ह्याने प्रतिपक्षास एकही धाव करू दिली नाही; दोन अंकी धावसंख्या नित्याची असलेल्या त्या काळात हे असाधारणच होय. तथापि ७ विजय व १२ पराभव पदरी पडल्यावर त्याच वर्षी संघ स्पर्धेबाहेर पडला.

ह्या अल्पायुष्याचे एक कारण संघटनेच्या रचनेत सापडते. १० डॉलर शुल्क भरणाऱ्या संघास प्रवेश मिळे आणि सामने संघांनी आपसांत ठरवावयाचे असत. अशा व्यवस्थेत पगारी खेळाडू व दूरचे प्रवास ह्यांचा भार लहान नगरास पेलणे दुष्कर होते. १८७५ च्या हंगामानंतर संघटनाही लयास गेली.

'केकिओंगा' हे मुळात मायामी लोकांच्या तेथील प्रमुख वसतीचे नाव. त्यांपैकी अनेकांना १८४६ मध्ये सक्तीने पश्चिमेकडे हलविण्यात आले होते. पंचवीस वर्षांनी ते नाव क्रीडांगणावर गाजले. ग्रामनाम टिकले म्हणजे ते उच्चारणारा समाजही तेथे टिकला, असे अनुमान काढता येत नाही, हेच ह्या उदाहरणावरून स्पष्ट होते.