संकेतस्थळाचें बिऱ्हाड

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त आमच्या आजोबांनीं पदरमोड करून छापविला होता. त्याच्या प्रती कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरांतील फडताळांत पडून राहिल्या, आणि बऱ्याचशा वाळवीनें फस्त केल्या. म्हणून घरांतील तरुण मंडळींनीं २०१६ सालीं तो संकेतस्थळावर चढविण्याचें मनावर घेतलें. वंशावळ, मोडी लिपींतील दोन दानपत्रांचीं छायाचित्रें आणि थोरल्या आत्याबाईंनीं वयाच्या ८४ व्या वर्षीं म्हटलेल्या अकरा ओव्यांचें ध्वनिमुद्रण असा सारा ऐवज तेथें ठेवण्यांत आला. पुढें दोन वर्षांनीं आत्याबाई निवर्तल्या.

२०२२ च्या श्रावणांत न्यू जर्सीहून आमच्या चुलतबहिणीचा फोन आला. "दादा, आपल्या कुलवृत्तान्ताच्या जागीं जुगाराच्या जाहिराती दिसताहेत!" पाहतों तों खरेंच. चौकशीअंतीं कळलें तें असें. संकेतस्थळाची सारी व्यवस्था आम्हीं एका परिचित गृहस्थांवर सोंपविली होती. त्यांनीं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचें नांव, सोयीसाठीं स्वतःच्याच नांवें नोंदविलें. कालांतरानें त्यांनीं तो व्यवसाय बंद केला, आणि मुदत संपल्याच्या सूचना त्यांच्या बंद पडलेल्या टपालपेटींत जात राहिल्या. नांव सुटलें, तें दुसऱ्या कोणी उचललें. जागेचें भाडेंहि थकल्यामुळें तेथील सामान केव्हांच पुसलें गेलें होतें. त्या गृहस्थांच्या मनांत कपट नव्हतें. परंतु आमचें नुकसान त्यानें कमी होत नाहीं.

ज्या कुटुंबांना असा कांहीं उपक्रम करावयाचा आहे, त्यांच्या उपयोगी पडावें म्हणून, ठेच लागल्यावर जें शिकलों तें येथें सांगतों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, नांव आणि जागा या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. डोमेन ही दारावरची पाटी. होस्टिंग हें पाटीमागचें बिऱ्हाड. बिऱ्हाड बदललें तरी पाटी आपल्याबरोबर नेतां येते, मात्र ती आपल्या मालकीची असली पाहिजे. नोंदणी घरांतील कर्त्या माणसाच्या नांवें करावी, आणि सूचनांसाठीं दोघांचे तरी पत्ते द्यावेत. 'डॉट कॉम' नांवाची मुदत संपली तरी तें लगेच जात नाहीं. नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या मर्जीनुसार फार तर ४५ दिवसांची सवलत मिळते, नंतर ३० दिवस जबर दंड भरून तें सोडवितां येतें, आणि त्यापुढें ५ दिवसांनीं तें सर्वांस खुलें होतें. आमची जाग त्यानंतर कित्येक महिन्यांनीं आली. नांव व जागा एकाच दुकानीं घेणें सोयीचें खरें. पण आतां आम्ही तीं दोन ठिकाणीं ठेवतों, म्हणजे एकाशीं बिनसलें तर दुसरें हातीं राहतें.

आतां जागेविषयीं. जिला शेअर्ड होस्टिंग म्हणतात ती चाळींतील खोली होय. एकाच सर्व्हरवर शेंकडों संकेतस्थळें नांदतात. शेजाऱ्याकडे कार्य निघालें कीं आपल्या नळाला पाणी कमी येतें. कुलवृत्तान्त, लहानसा ब्लॉग, गृहोद्योगाची माहिती यांना तेवढी खोली पुरते. विक्रेते त्याहून मोठें काहीं गळ्यांत बांधूं पाहतात, तिकडे दुर्लक्ष करावें. ज्यांस केवळ लिहावयाचें आहे त्यांनीं तर या फंदांतहि न पडतां ब्लॉगरसारख्या तयार ठिकाणीं लिहावें. फक्त लेखांची प्रत घरीं ठेवावी. याहूची 'जिओसिटीज' ही फुकट जागा एके काळीं लक्षावधि लोकांचें घर होती. ती अमेरिकेंत २००९ च्या ऑक्टोबरांत बंद झाली, आणि ज्यांनीं वेळींच सामान हलविलें नाहीं त्यांना तें आपल्या हातीं परत मिळालें नाहीं.

जाहिरातींतील दराला भुलूं नये. पहिल्या वर्षाचें भाडें नाममात्र असतें. दुसऱ्या खेपेस तें दुप्पट-तिप्पट झालेलें आढळतें. म्हणून नूतनीकरणाचा दर आधीं विचारावा. 'अमर्याद जागा' हा शब्द पाहिला कीं करारांतील बारीक अक्षरें वाचावींत. फायलींच्या संख्येवर कोठें तरी मर्यादा घातलेली सांपडतेच. '९९.९ टक्के वेळ चालू' या आश्वासनाचेंहि गणित करून पाहावें. वर्षाचे तास ८,७६०. तेव्हां सुमारें पावणेनऊ तास बंद राहूनहि वचन मोडत नाहीं! तें मोडलेंच तर बहुधा भाड्यांत थोडी सूट मिळते, नुकसानभरपाई नव्हे. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठीं कोणी निराळे पैसे मागूं लागला तर लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ सालापासून तें फुकट देते, हें त्याला नम्रपणें सांगावें.

सर्व्हर कोठें आहे हेंहि विचारावें. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर धांवतो. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर धरलें तर नुसत्या जाण्यायेण्यास सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो, आणि एक पान उघडावयास अशा अनेक खेपा होतात. आमचे बहुतेक आप्त पुणें, रत्नागिरी व मडगांव येथें असल्यामुळें आम्हीं यावेळीं मुंबईंतील सर्व्हर निवडला.

मराठी मंडळींसाठीं एक खास सूचना. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर मजकूर हलवितांना त्याची लिपिव्यवस्था युनिकोडची, म्हणजे यूटीएफ-८ ची, आहे ना, हें आधीं पाहावें. नाहीं तर सारें देवनागरी लिखाण प्रश्नचिन्हांच्या ओळींत परिणत होतें आणि तीं पुन्हां अक्षरें होत नाहींत. दोन-चार पानें चढवून, उतरवून, जोडाक्षरें ताडून पाहिल्यावरच पैसे भरावेत. विक्रेत्याच्या मदतकक्षाची परीक्षाहि तेव्हांच घ्यावी. आमच्या धाकट्या सुनेनें रविवारीं रात्रीं नऊ वाजतां तिघांना एकच प्रश्न विचारला. एकानें मंगळवारीं उत्तर दिलें, एकानें विचारल्यापेक्षां निराळेंच उत्तर दिलें, आणि एकानें पंधरा मिनिटांत नीट समजावून सांगितलें. निवड तेथेंच झाली.

आणि प्रती! दि. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच या मोठ्या कंपनीची पांच मजली सर्व्हरशाळा आगींत भस्मसात् झाली. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. परंतु ज्यांच्या राखीव प्रतीहि त्याच आवारांत होत्या, त्यांच्यांतील कित्येकांचें सर्वस्व गेलें. विक्रेता रोज प्रत घेतों म्हणाला तरी एक प्रत आपल्या घरीं व एक परगांवीं असावी.

आमच्याकडे अशी प्रत नव्हती. इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकन संस्थेच्या वेबॅक मशीनमध्यें वंशावळीचीं बहुतेक पानें सांपडलीं. दानपत्रें मूळ घरांतच असल्यामुळें पुन्हां छायाचित्रित केलीं. ओव्या मात्र तेथें नव्हत्या. शेवटीं मडगांवच्या वन्संनीं जुना मोबाइल कपाटांतून काढला; त्यांत अकरांपैकीं चार ओव्या निघाल्या, त्याहि चौथी अर्ध्यावर तुटलेली.

नवें नांव आतां माईंच्या नांवें नोंदलेलें आहे. हयात माणसांच्या जन्मतारखा व पत्ते त्यावर घालावयाचे नाहींत असें सर्वानुमतें ठरलें. नूतनीकरणाची तारीख माईंनीं स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर, गॅसच्या नोंदीशेजारींच, लाल शाईनें लिहून ठेविली आहे.