भिंतीतलं पाणी येतं कुठून? (आपलं घर, आपले हात : लेखांक ९)

दसरा ते दिवाळी या जेमतेम वीस दिवसांत रंगाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात उमटलेला पिवळट डाग सणाला पाहुण्यांच्या नजरेस पडू नये, एवढीच घाई असते. पुट्टी, प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात. पुढच्या आषाढात डाग पुन्हा त्याच जागी हजर होतो, बहुतेक वेळा थोडा मोठा होऊन. मग शिव्या रंगाला आणि रंगाऱ्याला. खरं तर या दुरुस्तीत रंग हे शेवटचं काम, आणि घरोघरी ते पहिलं उरकलं जातं.

मागच्या दोन लेखांकांत आपण नळ आणि फ्लशची टाकी उघडली. तिथे बिघाड डोळ्यांसमोर होता. ओलीचा डाग मात्र दिसतो एका ठिकाणी आणि पाणी शिरलेलं असतं भलत्याच ठिकाणी. गच्चीच्या कोपऱ्यात शिरलेलं पाणी स्लॅबमध्ये घातलेल्या विजेच्या पाइपातून वाट काढत हॉलच्या मधोमध पंख्याच्या हुकापाशी ठिबकतं. (असं झालं तर बादली मागून आणा, आधी त्या खोलीचा एमसीबी पाडा.) तेव्हा या आठवड्यात हत्यार एकच, पेन्सिल.

डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा बघा, मोठ्या पावसानंतर बघा, चार दिवस उघडीप मिळाल्यावर बघा. डाग कधी वाढतो हे कळलं की पाणी कुठलं हे निम्मं उमगतं. पाऊस लागल्यावर काही तासांत रेघ ओलांडली आणि उघडीप मिळताच डाग मागे सरला, तर पाणी गच्चीचं नाहीतर बाहेरच्या भिंतीचं. भर उन्हाळ्यातही डाग जागचा हलत नसेल, तर भिंतीत गाडलेला पाण्याचा पाइप बघायला हवा, कारण त्यात दिवसरात्र दाब असतो. सकाळच्या आंघोळी उरकल्यावर वाढून रात्रीपर्यंत फिका पडणारा डाग बाथरूमच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतो. गवंड्याला बोलावण्याआधी ही टिपणं हाताशी असतील, तर ‘सगळंच फोडावं लागेल’ या वाक्याला तुमच्याकडे उत्तर असतं.

आधी पावसाच्या पाण्याचं बघू, कारण आपल्याकडे बहुसंख्य डाग त्याचेच असतात. मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. पण भिंतीच्या दृष्टीने पाऊस किती यापेक्षा तो कुठून येतो ते मोठं. नैर्ऋत्येचा वारा पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींवर पाणी अक्षरशः मारत राहतो. कोकणात या बाजूंना नारळाच्या झापा बांधायची रीत होती, ती उगीच नव्हती. तीच भिंत आज उघडी असते आणि तिच्यावर केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं असतं. बांधकामाच्या साध्या विटेने चोवीस तास पाण्यात राहून स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, असा भारतीय मानकाचा नियम आहे. म्हणजे तीन किलोची चांगली वीटसुद्धा अर्धा लिटर पाणी सहज पोटात ठेवू शकते. आता अख्ख्या भिंतीचा हिशेब करा.

भिंत दोषी ठरवण्याआधी खिडकी बघा. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांना खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला लहान भोकं असतात. आत आलेलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर पडावं, ही योजना. वर्षभराच्या धुळीने आणि कबुतरांच्या कृपेने ती बुजतात, पट्टी पन्हळीसारखी भरते आणि पाणी आतल्या कडेवरून खिडकीखालच्या भिंतीत उतरतं. ही भोकं खराट्याच्या काडीने किंवा तारेने मोकळी करायची, वरून मगभर पाणी ओतून ते बाहेर जातं ना हे बघायचं. दुरुस्ती दहा मिनिटांची, खर्च शून्य. कित्येक घरांतला खिडकीखालचा फुगलेला रंग एवढ्याने थांबतो. चौकट आणि ग्रॅनाइटच्या मधला सांधा सुटला असेल, तर जुनं सीलंट पात्याने पूर्ण काढून, जागा कोरडी करून नवं भरा. जिथे पुढे रंग लावायचा आहे तिथे साधं सिलिकॉन वापरू नका, त्यावर रंग धरत नाही. रंग घेणारं अॅक्रिलिक सीलंट मागा. हे काम आतून हात पोचेल तेवढंच करायचं. छज्ज्यावर उतरणं हे घरच्या दुरुस्तीत येत नाही, मजला पहिला असला तरी.

गच्ची हा मोठा विषय. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे मालात बसवून त्यावर सिमेंटचा थर आणि पाणी वाहून जायला उतार. कोबा चांगला असेपर्यंत छान काम करतो. बिघडला की पाणी धरून ठेवतो, आणि मग डिसेंबरातसुद्धा खाली ठिबक चालू. हातोडीच्या दांड्याने गच्चीभर हलके ठोके देत फिरा. भरीव जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ जागांना खडूने वेढा घाला. तिसरा हिस्सा गच्ची खडूने भरली तर वरून कुठलाही रंगीत लेप मारून उपयोग नाही, कारण पाणी लेपाच्या खाली आधीच बसलेलं आहे. तरीही दर मे महिन्यात असे लेप विकले जातात आणि दर ऑगस्टमध्ये सोलवटतात.

कोबा भरीव निघाला तर पाणी कोंडून बघा. पाइपांची तोंडं प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून बुजवा, इंचभर पाणी साठवा आणि कठड्यावर पातळीची रेघ मारा. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी आपोआपही आटतं, म्हणून शेजारी एक उघडी बादली पाण्याने भरून तिच्यावरही रेघ मारायची. दोन दिवसांनी दोन्हीकडची घट सारखी असेल तर गच्चीने पाणी प्यालेलं नाही. इंचापेक्षा जास्त पाणी मात्र साठवू नका. इंचभर पाण्याचं वजन चौरस मीटरला पंचवीस किलो होतं. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीच्या स्लॅबसाठी चौरस मीटरला दीडशे किलोचा भार हिशेबात धरतात, त्यात हे बसतं. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडलेल्या जुन्या इमारतीत हा प्रयोगच नको.

गच्चीत पाणी शिरण्याची लाडकी जागा म्हणजे कठडा आणि फरशी मिळते तो कोपरा. तिथे गवंडी सिमेंटची गोलाई देतात, तिला वाटा म्हणतात. उन्हाने स्लॅब आणि कठडा वेगवेगळे हलतात, वाटा फुटतो आणि त्या भेगेत पिंपळाचं रोप उगवतं. रोप नुसतं उपटलं तर शेंडा हातात येतो आणि मूळ आत राहतं. भेग उघडून मूळ काढावं लागतं. वाट्याची दुरुस्ती मात्र घरी करता येण्यासारखी आहे. छिन्नीने भेग बोटाच्या पेराएवढी रुंद करा, कडा व्ही आकारात येऊ द्या. ब्रशने धूळ पूर्ण काढा, कारण नवा माल धुळीला चिकटतो, भिंतीला नाही. जागा ओलसर करून लॅटेक्स आणि सिमेंटचा पातळ हात द्या. तो चिकट असतानाच सिमेंटच्या एका भागाला तीन भाग वाळू घेतलेला, पाण्यात लॅटेक्स मिसळलेला माल भरा आणि काचेच्या बाटलीने गोल दाबा. दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा, मग सुकू द्या. त्यावर फायबरची जाळी दाबून लवचीक लेपाचे दोन हात. सोसायटीची गच्ची असेल तर आधी समितीला सांगा. गच्चीची गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम आहे आणि घरातल्या मोरी-संडासाची गळती त्या त्या सभासदाची, असं आदर्श उपविधी सांगतात. वरच्या मजल्यावरच्यांशी होणारं निम्मं भांडण हे कागद वाचल्याने टळावं. टळत नाही, तो भाग वेगळा.

वरच्यांच्या बाथरूमचा संशय असेल तर पुराव्यानिशी बोला. त्यांच्या संमतीने नहाणी ट्रॅपमध्ये कपड्यांची नीळ घातलेलं बादलीभर पाणी ओता. खाली निळसर ठिबक आली तर प्रश्न मिटला. न आल्यास मात्र ते निर्दोष ठरत नाहीत, काँक्रीट रंग गाळून घेऊ शकतं. पाण्याच्या पाइपाची तपासणी याहून सोपी. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा, सकाळी पुन्हा बघा. मीटर नसेल तर बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह दोन दिवस जमेल तेवढा बंद ठेवा आणि पेन्सिलीची रेघ बघा. दोष सांडपाण्याचा निघाला तर बहुतेक वेळा तो नहाणी ट्रॅपच्या भोवतालच्या फटीत असतो. तिथला आणि फरशांच्या सांध्यांमधला सुटलेला माल खरवडून एपॉक्सी भरणं हे एका रविवारचं काम. बाथरूम मात्र आधी दोन दिवस कोरडी ठेवता आली पाहिजे, आणि एकच बाथरूम असलेल्या घरात खरी अडचण हीच असते.

तळमजल्यावरची ओल निराळी. ती जमिनीतून वर चढते, कंदिलाच्या वातीतून तेल चढावं तशी, आणि साधारण कमरेच्या उंचीला थांबते. वरच्या कडेला पांढरी पूड दिसते, तो लोणा. पाण्याबरोबर वर आलेले क्षार भिंतीवर सुकून राहतात. अशा घरांत मी आधी बाहेर जाऊन जमीन बघायला सांगेन. दर पाच-सात वर्षांनी आवारात पेव्हर ब्लॉकचा नवा थर पडतो, भिंतीला लागून कुंड्यांऐवजी मातीचे वाफे होतात, आणि जोत्यातला ओल अडवणारा थर जमिनीखाली जातो. वाफा हलवा, भिंतीलगतची भर जोत्याच्या खाली उतरवा. चिऱ्याच्या किंवा चुन्यातल्या दगडी घरांना ओलीवर उपाय म्हणून आतून सिमेंटचा गिलावा करू नका. तो भिंतीचं सुकणं बंद करतो आणि पाणी आणखी वर चढतं. तिथे चुनाच बरा.

आणि कपाटामागचे काळे ठिपके? पावसाळ्यात घरात कपडे वाळत घालून खिडक्या बंद ठेवल्या की हवेतलं बाष्प थंड भिंतीवर जमतं, ती बुरशी. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर बाष्प, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतलंच. बाष्प असेल तर कपाट चार बोटं पुढे ओढा आणि खिडकी उघडा, गवंडी नको.

काही ठिकाणी हात लावायचा नाही. छताचा गिलावा फुगलेला आहे, तांबूस डाग आहेत, सरळ रेषेत भेगा गेल्या आहेत, तर आत सळी गंजते आहे. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायचा. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. भिंतीची भेग वाढते आहे की जुनीच आहे हे बघायचं असेल, तर पूर्वी तिच्यावर काचेची अरुंद पट्टी आडवी चिकटवत. भिंत हलली की काच तडकते. ही युक्ती अजूनही चालते. आणि ओल्या भिंतीवरच्या स्विचला हात लावताना झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरात तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो याच फेरीत बसवून घ्या.

पाणी थांबलं की लगेच रंगाकडे धावायचं नाही. भिंत आतून सुकायला आठवडे नव्हे, महिने लागतात. फुगलेली पुट्टी खरवडून गिलावा उघडा करा. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा आणि पूड सुपडीत भरून बाहेर टाका. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. खड्डे प्लास्टर ऑफ पॅरिसने भरू नका, ओलीत ते मऊ पडतं. यंदाच्या दिवाळीला ती भिंत उघडीच राहील, तिच्यापुढे कपाटही लावू नका. फेब्रुवारीत प्लास्टिकचा तुकडा पुन्हा चिकटवा. दोन दिवसांनी तो कोरडा निघाला, तर सिमेंटची पुट्टी, प्रायमर आणि रंग या क्रमाने जा. ओला निघाला तर महिनाभर थांबून पुन्हा लावा.

पुढच्या लेखांकात फुगून चौकटीत अडकलेलं दार, आणि त्यावर रंधा मारायची घाई का करू नये.