मिनिटभरात उमटणारा पांढरा चट्टा

लोणच्यात घालतात ते व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं थोडंसं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. तेच ३ ते ५ टक्क्यांचं द्रावण कापसाच्या बोळ्याने गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशी बिघडू लागल्या असतील तिथे मात्र डोळ्यांदेखत पांढरा चट्टा उमटतो!

हा पांढरेपणा येतो कुठून? आम्लामुळे पेशीतली प्रथिनं काही काळ गोठतात. बिघडलेल्या पेशींची केंद्रकं फुगलेली आणि पेशींची दाटी झालेली. त्यामुळे प्रथिनंही जास्त. ती गोठली की प्रकाश आत न शिरता माघारी फिरतो.

बिघाड बहुधा सुरू होतो तो एका सीमेवर. आतलं एकपदरी नाजूक अस्तर आणि बाहेरचं चपट्या पेशींचं थरावर थर असलेलं अस्तर इथे एकमेकांना भिडतात. वयात आल्यापासून इथल्या नाजूक पेशींची जागा हळूहळू चपट्या पेशी घेत असतात. या बदलत्या पट्ट्यात एचपीव्ही हा विषाणू घुसतो. त्याची जनुकं मोजून आठ-नऊ! पण त्यातली दोन भारी पडतात. एकाचं प्रथिन पेशीतल्या पहारेकऱ्याचा काटा काढतं, दुसऱ्याचं विभाजनाचा ब्रेक सोडवतं.

एरवी तळाशी जन्मलेली पेशी वर सरकता सरकता चपटी होते आणि विभागायची थांबते. इथे मात्र तळातल्या कोवळ्या, विभागत राहणाऱ्या पेशींचा गोंधळ वर चढू लागतो: आधी एक तृतीयांश जाडीपर्यंत, मग दोन तृतीयांश, शेवटी पार पृष्ठभागापर्यंत. तरीही तळाचा पातळ पडदा फाटत नाही, तोवर तो कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग शरीर वर्ष-दोन वर्षांत स्वतःच निपटतं. उरलेल्यांतल्या काहींचाच कर्करोग होतो आणि त्यालाही साधारण १० ते २० वर्षं लागतात.

या सवडीचा फायदा मुंबईने सिद्ध केला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमध्ये सुमारे ७५ हजार बायकांना दर दोन वर्षांनी ही तपासणी देऊ केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. तपासणी नसलेल्या गटाच्या तुलनेत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

प्रत्येक पांढरा चट्टा धोक्याचा नसतो. साध्या दाहानेही तो उमटतो, म्हणून पुढची तपासणी लागते. पण तिशी ओलांडलेल्या बाईने ‘मला कुठे काय त्रास आहे?’ म्हणून हे टाळू नये. कर्करोगाआधीच्या या टप्प्यावर त्रास बहुधा होतच नाही.