क्षणभर गोठणारा संगणक

खेळ रंगात आला असताना पडदा गोठतो, आवाज अडखळतो आणि क्षणार्धात सारे पूर्ववत होते. अशा वेळी पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो, आणि कित्येकदा महागडी खरेदी व्यर्थ ठरते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर चालणाऱ्या काही संगणकांत दोष भलतीकडेच होता. मार्च २०२२ मध्ये कंपनीने तो मान्यही केला. विंडोज ११ साठी अनिवार्य ठरलेली ‘टीपीएम’ ही सुरक्षा-व्यवस्था या प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असते. मदरबोर्डवरील बायोसच्या चिपशी तिची देवाणघेवाण अधूनमधून लांबे आणि तेवढा वेळ सारा संगणक थबके. विंडोज १० मध्येही हेच घडे.

उपाय विनामूल्य आहे : मदरबोर्ड निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ‘अजेसा’ १.२.०.७ वा त्यानंतरची बायोस आवृत्ती घ्यावी. मात्र बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी-की आधी कागदावर उतरवून ठेवावी. बदलानंतर विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर स्वतःचीच माहिती कुलूपबंद होते. बायोस बदलत असताना वीज गेल्यास मदरबोर्डच निकामी होण्याची भीती असते. पावसाळ्यात तर यूपीएसवाचून हे काम हाती घेऊच नये.

यानंतरही संगणक अडखळला, तर डिस्क व मेमरी तपासावी. नव्या कार्डाचा विचार त्यानंतर.