घरे गेली काळ्यांची, बँका सुटल्या दंडावर

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात बाल्टिमोर नावाचे बंदराचे शहर आहे. तिथल्या वस्तीत काळ्या लोकांचे प्रमाण निम्म्याहून जास्त. या शहराच्या नगरपालिकेने जानेवारी २००८ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकेतील अग्रगण्य बँकेविरुद्ध दावा लावला. बँकेने काळ्यांच्या वस्त्या हेरून तिथे महागडी गृहकर्जे खपविली, ती फिटली नाहीत, घरांवर जप्ती आली, गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या आणि नगरपालिकेचा कर बुडाला, असे नगरपालिकेचे म्हणणे.

पुढे २००९ साली बँकेच्याच दोन माजी कर्मचाऱ्यांनी या दाव्यात शपथपत्रे दिली. त्यांत त्यांनी सांगितले की, काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जाऊन, धर्मोपदेशकांना हाताशी धरून ही कर्जे गळ्यात बांधली जात. बँकेच्या कचेरीत या कर्जांना 'घेटो कर्जे' म्हणत आणि ती घेणाऱ्यांना 'चिखलातली माणसे' म्हणत. बँकेने सारे आरोप नाकारले. पण वाचक बंधू-भगिनींनो, माणसाला चिखल म्हणणारी ही भाषा आपल्या कानाला नवी आहे काय?

बाल्टिमोरचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. काळ्यांनी कोणत्या गल्लीत राहायचे आणि गोऱ्यांनी कोणत्या, असा शहराचा कायदाच या बाल्टिमोरने १९१० साली केला होता. अशा प्रकारचा तो अमेरिकेतला पहिला कायदा. १९१७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने असे कायदे रद्द ठरविले, पण वेस काही मोडली नाही. १९३० नंतरच्या दशकात खुद्द सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे काढले. ज्या भागात काळे लोक राहतात तो भाग तांबड्या रंगाने रंगविला. तांबडा रंग म्हणजे इथे कर्ज देणे धोक्याचे. गोरा मजूर सरकारी हमीवर स्वस्त कर्ज घेऊन घरमालक झाला, आणि काळा मजूर तेवढाच पगार मिळवूनही भाडेकरू राहिला. एप्रिल १९६८ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात घरांच्या बाबतीत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. त्यांच्या रक्ताने तो कायदा मिळाला असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता फसवणूक कशी झाली ते पाहू. आधी बँका काळ्यांना कर्जच देत नसत. २००० सालानंतर त्याच बँकांचे आणि त्यांच्या दलालांचे लोक दारात येऊन उभे राहिले. ही माया अचानक कुठून आली? तर बँकेला आता हे कर्ज स्वतःजवळ ठेवायचे नव्हते. हजारो गृहकर्जांची मोट बांधून, त्यांवर रोखे काढून ते जगभरच्या गुंतवणूकदारांना विकायचे होते. व्याज जितके चढे, तितका रोख्याला भाव जास्त. कर्ज बुडाले तर रोखा घेणारा बुडेल, बँकेने तर आपले पैसे केव्हाच काढून घेतलेले. त्यामुळे कर्जदार हप्ता भरू शकेल की नाही हे बघण्याची गरज कुणालाच उरली नाही. उलट महागडे कर्ज खपविणाऱ्या नोकराला कमिशन जास्त मिळे.

या कर्जात एक प्रकार फार चालला. मुदत तीस वर्षांची, पण पहिली दोन वर्षे व्याज कमी आणि पुढची अठ्ठावीस वर्षे बाजाराप्रमाणे बदलते. तिसऱ्या वर्षी हप्ता एकदम वाढे. बरे, दुसरीकडून स्वस्त कर्ज काढून हे फेडावे म्हटले, तर मुदतीआधी फेडल्याचा दंड! पुढे आड, मागे विहीर. (आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये बँकांना बजावले की, बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याबद्दल दंड घेऊ नये. ही गोष्ट आपल्या वस्तीतल्या किती कर्जदारांना ठाऊक आहे? आमचे बरेचसे बांधव कर्जाच्या टेबलासमोर 'साहेब, सही कुठे करू?' एवढेच विचारतात.)

कुणी म्हणेल, गरिबाला कर्ज महागच पडणार, त्यात जातीचा आणि रंगाचा काय संबंध? याचे उत्तर अमेरिकेच्या सरकारी चौकशीतच मिळाले. कंट्रीवाइड नावाची गृहकर्जे देणारी फार मोठी कंपनी होती. ती २००८ साली बँक ऑफ अमेरिकाने विकत घेतली. तिच्या कागदपत्रांची छाननी करून न्याय खात्याने असे दाखविले की, २००४ ते २००८ या काळात दोन लाखांहून अधिक काळ्या व लॅटिन वंशाच्या कर्जदारांकडून तशाच पतीच्या गोऱ्या कर्जदारांपेक्षा जास्त पैसे घेतले गेले. त्यांतले दहा हजारांहून अधिक लोक तर स्वस्त कर्जाला पात्र असताना महागड्या कर्जात ढकलले गेले. म्हणजे पगार तोच, पत तीच, फक्त कातडीचा रंग वेगळा. डिसेंबर २०११ मध्ये हे प्रकरण ३३ कोटी ५० लाख डॉलरवर मिटले. न्याय खात्यातले नागरी हक्क विभागाचे प्रमुख थॉमस पेरेझ यांनी याला 'हसतमुखाने केलेला भेदभाव' म्हटले. अगदी नेमका शब्द! कर्जदाराला चहापाणी मिळाले, हस्तांदोलन झाले, आणि शेजारच्या गोऱ्याला हेच कर्ज किती स्वस्त मिळाले ते त्याला कधीच कळले नाही.

वेल्स फार्गोचे प्रकरण जुलै २०१२ मध्ये १७ कोटी ५० लाख डॉलरवर मिटले, आणि बाल्टिमोरचा दावाही त्याबरोबर निकालात निघाला. आम्ही काही चुकीचे केले हे बँकेने अखेरपर्यंत कबूल केले नाही.

आता सहीची गोष्ट. आम्ही पेशाने कारकून. त्यामुळे या साऱ्या भानगडीत आमचे लक्ष तिच्यावर जास्त खिळले. घर जप्त करायचे तर पुष्कळ राज्यांत कोर्टात शपथपत्र द्यावे लागते की, मी या कर्जाची कागदपत्रे स्वतः तपासली आहेत. २०१० साली उघडकीस आले की, जीएमएसी या कंपनीतला एकच कर्मचारी महिन्याला सुमारे दहा हजार कागदांवर सह्या करीत होता. त्याने जबानीत तसे सांगितले. दिवसाला चारशे-पाचशे! फाईल उघडायलाही तेवढा वेळ पुरत नाही, हे कोणताही कारकून सांगेल. नोटरी समोर नसतानाच शिक्के पडत होते. जॉर्जिया राज्यातल्या डॉकएक्स नावाच्या कंपनीत तर एकाच बाईच्या नावाची सही अनेक हात करीत होते. असे दहा लाखांहून अधिक खोटे कागद तिथून बाहेर पडले. अशा कागदांवर कोर्टांनी घरांच्या जप्त्या मंजूर केल्या.

या प्रकाराने मात्र देश हादरला. ऑक्टोबर २०१० मध्ये पन्नासही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी एकत्र चौकशी सुरू केली. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांशी २,५०० कोटी डॉलरचा समझोता जाहीर झाला. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण ज्याचे घर गेले त्याच्या हातात काय पडले? सुमारे १,४८० डॉलरचा एक चेक. तिथल्या मोठ्या शहरात एवढ्यात तेव्हा फार तर महिना-दोन महिन्यांचे घरभाडे निघत असे.

याशिवाय केंद्र सरकारच्या बँक नियंत्रकांनी २०११ साली वेगळी फेरतपासणी सुरू केली होती. जप्त्यांच्या फाईली 'स्वतंत्र' सल्लागार तपासणार होते. हे सल्लागार नेमले कुणी? बँकांनी. त्यांची फी दिली कुणी? बँकांनीच. दीडशे कोटी डॉलरहून अधिक फी गेल्यावर जानेवारी २०१३ मध्ये हे काम अर्ध्यावर गुंडाळले, आणि ४२ लाख कर्जदारांना ३६० कोटी डॉलर रोख वाटायचे ठरले. आम्ही बी. कॉम. असल्याने भागाकार केल्यावाचून राहवत नाही. माणशी सरासरी साडेआठशे डॉलर. अनेकांना तर फक्त तीनशे मिळाले. एप्रिलमध्ये पहिले चेक निघाले, तेव्हा त्यांतले काही न वटताच परत आले, कारण ज्या खात्यावर ते काढले त्यात पैसेच भरलेले नव्हते.

चौकशी करणाऱ्या खात्याची हिशेबाची तऱ्हाही ऐका. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्याय खात्याने जाहीर केले की, घरमालकांना फसविणाऱ्या ५३० जणांवर वर्षभरात खटले भरले, गुन्ह्यांतली रक्कम १०० कोटी डॉलरहून जास्त. ऑगस्ट २०१३ मध्ये दुरुस्ती आली. आरोपी १०७, रक्कम साडेनऊ कोटी. मधल्या काळात चूक कळूनही खाते जुनेच आकडे सांगत राहिले, असे खात्याच्याच महानिरीक्षकांच्या अहवालात मार्च २०१४ मध्ये नमूद झाले.

रोख्यांच्या फसवणुकीबद्दल त्यानंतर मोठे दंड झाले हे खरे. जेपी मॉर्गन चेसला १,३०० कोटी डॉलर, सिटीग्रुपला ७०० कोटी, बँक ऑफ अमेरिकाला १,६६५ कोटी. पण हे पैसे बँकेच्या तिजोरीतून गेले, साहेबांच्या खिशातून नव्हे. कंट्रीवाइडचे प्रमुख अँजेलो मोझिलो यांनी २०१० साली गुंतवणूकदारांना अंधारात ठेवल्याच्या दाव्यात ६ कोटी ७५ लाख डॉलरवर तडजोड केली. त्यांतलेही २ कोटी कंपनीच्या बाजूने भरले गेले. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही. २०२३ साली ते वारले. पंचशीलातल्या दुसऱ्या शीलाचा भंग एखाद्या उपाशी पोराने पावासाठी केला तर त्याला कोठडी मिळते, एवढे आपण रोज पाहतो. मार्च २०१३ मध्ये महाधिवक्ता एरिक होल्डर यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगूनच टाकले की, काही बँका इतक्या मोठ्या झाल्या आहेत की, त्यांच्यावर खटला भरणे अवघड जाते.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते विद्यापीठ काळ्या लोकांच्या हार्लेमला लागूनच आहे. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तीही ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. म्हणून या लोकांचे घर जाते तेव्हा त्याचा हिशेब आपल्या साप्ताहिकात यावा, असे आम्हांला वाटले.

मग तुरुंगात गेले कोण? डॉकएक्सच्या बाई गेल्या, पाच वर्षांसाठी. पण त्यांच्या खोट्या कागदांवर घरे ताब्यात घेणाऱ्या बँकांचे वरिष्ठ बाहेरच राहिले. आणि फौजदारी खटल्यात बँक म्हणून उभी केली गेली ती न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधली अबॅकस नावाची छोटी बँक. चीनमधून आलेल्या एका वकिलाने १९८४ मध्ये काढलेली. तिचे कर्जदार म्हणजे हॉटेलात राबणारे, रोखीत पगार घेणारे चिनी लोक. एका कर्मचाऱ्याची लबाडी बँकेला स्वतःलाच सापडली, तिने त्याला काढले आणि नियंत्रकांना कळविले. तरी २०१२ साली बँकेवर खटला भरला गेला, आणि तिचे कर्मचारी एकमेकांना साखळीने जखडून कोर्टाच्या व्हरांड्यातून छायाचित्रकारांपुढे चालविले गेले. ज्या संस्थेला ही कर्जे विकली होती तिचे एका डॉलरचेही नुकसान झालेले नव्हते. जून २०१५ मध्ये ज्यूरीने बँकेला सर्व आरोपांतून निर्दोष सोडले.