डॉकर ‘पेड’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

३१ ऑगस्ट २०२१ रोजी डॉकर कंपनीने वापराच्या अटी बदलल्या आणि ‘डॉकर पेड झालं’ अशी हाकाटी सुरू झाली. डेव्हलपर मंडळींच्या गप्पांत ते वाक्य अजूनही ऐकू येतं.

गैरसमज : डॉकर आता फुकट मिळत नाही.

पैसे लागले ते डॉकर डेस्कटॉप या तयार ॲपला. प्रत्यक्ष कंटेनर चालवणारं डॉकर इंजिन अपाची २.० परवान्याखाली तेव्हाही मोफत होतं, आजही आहे. लिनक्सवर ते थेट बसवता येतं. डेस्कटॉपचेही पैसे सरसकट सगळ्यांना नाहीत. वैयक्तिक वापर, शिक्षण आणि अव्यावसायिक ओपन सोर्स प्रकल्प यांना ते मोफतच आहे. कंपन्यांसाठी मात्र दोन अटी आहेत: कर्मचारी २५० पेक्षा कमी आणि वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरपेक्षा कमी. दोन्ही पाळाव्या लागतात, आणि लोक घसरतात ते इथेच. ‘आम्ही साठच जण आहोत’ म्हणून निर्धास्त बसलेल्या कंपनीची उलाढाल मर्यादेबाहेर असेल, तर परवाना घ्यावाच लागतो. हिंजवडीतल्या बड्या कंपनीतल्या इंजिनिअरने ऑफिसचं काम घरच्या लॅपटॉपवर केलं, म्हणून तो काही वैयक्तिक वापर ठरत नाही.

गैरसमज : पैसे मागितले म्हणजे ओपन सोर्स संपलं.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन स्वतः इमॅक्स या एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. तेव्हा किंमत राहू द्या बाजूला, परवाना बघा. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या साधनाचा ओपन सोर्स परवाना बदलला, पण तो पुढच्या आवृत्त्यांपुरता. आधीचा कोड जुन्या परवान्याखाली लोकांच्या हाती होताच. त्यातूनच ओपनटोफू हा मुक्त पर्याय उभा राहिला. डेटाबेस बनवणाऱ्या रेडिसने मार्च २०२४ मध्ये तीच वाट धरली, तर काही दिवसांतच व्हॅल्की हा फाटा फुटला. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल हा ओपन सोर्स परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. वापरणाऱ्यांच्या हाती कोड असला की कंपनीलाही दोन पावलं मागे यावं लागतं.

गैरसमज : फुकट आहे ना, मग काळजी कसली?

हाच सर्वांत महागात पडणारा. लिनक्स कर्नलचे काही प्रमुख डेव्हलपर २००२ पासून कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं बिटकीपर हे बंदिस्त साधन मोफत वापरत होते. २००५ मध्ये ती सवलत गेली आणि लिनस टॉरव्हाल्ड्सना गिट लिहायला घ्यावं लागलं. ॲप होस्ट करणाऱ्या हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ पासून मोफत सेवा गुंडाळली, तेव्हा हौशी प्रकल्पांची पळापळ झाली. दुसऱ्याच्या सर्व्हरवरची फुकट सोय ही मेहेरबानी असते, हक्क नव्हे.

तक्रारीला जागा नाही असं मात्र नाही. नवं फीचर बनवून त्याचे पैसे मागणं रास्त. काल फुकट असलेलं बटण आज कुलूपबंद करणं, किंवा सगळं काम आपल्याच मशिनवर होत असताना लॉगिनची सक्ती करणं, ही माझ्या मते सरळ दांडगाई.

डॉकरच्या बाबतीत आपण नक्की काय वापरतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. टर्मिनलमध्ये ‘डॉकर व्हर्जन’ ही कमांड द्या आणि खाली ‘सर्व्हर’ची ओळ वाचा. तिथे ‘डॉकर डेस्कटॉप’ दिसलं आणि तुमची कंपनी वरच्या दोन्ही मर्यादांच्या आत नसेल, तर ऑडिटवाल्यांच्या आधी तुम्हीच मॅनेजरच्या कानावर घाला.