सातारा लोकसभा मतदारसंघाचा इतिहास व त्यापासून घ्यावयाचा बोध

सातबाऱ्याचा उतारा शेतकऱ्याच्या घरीं जपून ठेवलेला असतो; परंतु आपलें गांव लोकसभेच्या कोणत्या मतदारसंघांत पडतें, तो केव्हां बनला व त्यानें आजवर कोणास निवडिलें, ही माहिती थोड्याच घरीं आढळते. जमिनीचा फेरफार वेळीं न समजल्यास जसें नुकसान होतें, तसेंच मतदारसंघाचा फेरफार न समजल्यासही होतें. हें दाखविण्याकरितां आम्ही येथें सातारा मतदारसंघाचें उदाहरण घेतों.

प्रथम मताच्या अधिकाराविषयीं. सन १९१९ च्या कायद्याखालीं मुंबई कायदे कौन्सिलच्या निवडणुकींत खेड्यापाड्यांतून सामान्यतः ज्याच्या जमिनीचा आकार सालीना निदान ३२ रुपये असे, त्यासच मत असे. १९३५ च्या कायद्यानें ही मर्यादा ८ रुपयांवर आली. म्हणजे मताचें माप शेतसाऱ्यावरून होई; मोठा खातेदार मतदार, आणि त्याच्याच बांधावर राबणारा मजूर बहुधा मतास पारखा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत ही साऱ्याची अट गेली व २१ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत मिळालें. १९८९ सालीं ही वयाची अट १८ वर्षांवर आली. शंभर एकरांचा धनी व भूमिहीन मजूर यांच्या मताची किंमत आज एकच आहे.

आतां मतदारसंघाकडे वळूं. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले; १९६० सालीं दक्षिण भागास सांगली हें नांव मिळालें. पहिल्या निवडणुकींत उत्तर साताऱ्याची जागा काँग्रेसकडे गेली. परंतु १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटला असतां साताऱ्यानें पत्री सरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील यांस कम्युनिस्ट पक्षातर्फे दिल्लीस पाठविलें. शेजारच्या कऱ्हाड मतदारसंघानेंही त्याच वेळीं शेतकरी कामगार पक्षाचे दाजीसाहेब चव्हाण यांस निवडिलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, तो प्रश्न मिटला, आणि १९६२ सालीं काँग्रेसचे किसन वीर निवडून आले. मतदारानें पक्ष पाहिला नव्हता, प्रश्न पाहिला होता, असें आमचें मत आहे.

पुढें १९६७, १९७१, १९७७ व १९८० अशा चार निवडणुकांत यशवंतराव चव्हाण येथून विजयी झाले. पैकीं १९७७ सालीं देशांत काँग्रेसचा पराभव झाला, तरी साताऱ्यानें त्यांस निवडिलें व ते लोकसभेंत विरोधी पक्षनेते झाले. १९८० सालीं ते अर्स काँग्रेसतर्फे उभे होते. महाराष्ट्रांत त्या पक्षास मिळालेली ही एकच जागा. त्यांच्यामागून १९८४, १९८९ व १९९१ सालीं काँग्रेसचे प्रतापराव भोसले आले.

येथवरचा क्रम पाहून ही जागा काँग्रेसचें वतनच होय, असें कित्येकांस वाटूं लागलें होतें. १९९६ सालीं शिवसेनेचे हिंदुराव नाईक निंबाळकर निवडून आले व तो समज फिटला. १९९८ सालीं काँग्रेसचे अभयसिंहराजे भोसले आले. १९९९ व २००४ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसचे लक्ष्मणराव पाटील. आणि २००९ पासून त्याच पक्षातर्फे तीन वेळां छत्रपतींच्या घराण्यांतील उदयनराजे भोसले. २०१९ सालीं त्यांनीं राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षांत प्रवेश केला. तेव्हां ज्या मतदारांनीं त्यांस एप्रिलांत निवडिलें, त्यांनींच ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकींत राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील यांस सुमारें ८७ हजारांच्या अधिक्यानें निवडिलें. २०२४ सालीं मात्र उदयनराजे भाजपतर्फे ३२,७७१ मतांनीं पुन्हां विजयी झाले. घराणें थोर असो वा पक्ष जुना असो, मतदारसंघ कोणाच्याही नांवें कायमचा चढत नाहीं.

तथापि मतदाराच्या मनाखेरीज आणखी दोन गोष्टी निकालावर परिणाम करतात. एक सीमा. २००८ च्या पुनर्रचनेनें कऱ्हाडचा स्वतंत्र मतदारसंघ मोडला. सातारा मतदारसंघांत आतां वाई, कोरेगांव, कऱ्हाड उत्तर, कऱ्हाड दक्षिण, पाटण व सातारा हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. माण व फलटण हे नव्या माढा मतदारसंघांत गेले. म्हणून माणचा शेतकरी कचेरीच्या कामास साताऱ्यास जातो, पण खासदार निवडतो तो सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस यांच्या जोडीनें. पाण्याच्या योजनेसाठीं रदबदली कोणाकडे करावयाची, हें ह्या रेषेनें ठरतें.

दुसरी गोष्ट चिन्ह. २०२४ सालीं राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे उमेदवार शशिकांत शिंदे यांचें चिन्ह तुतारी वाजविणारा माणूस हें होतें, आणि पिपाणी हें चिन्ह घेतलेल्या एका अपक्षास सुमारें ३७ हजार मतें पडलीं. हीं मतें विजयाच्या अधिक्याहून जास्त होत. त्यांपैकीं किती चुकून पडलीं हें कोणीही सांगूं शकणार नाहीं; परंतु बटण दाबण्यापूर्वीं चिन्ह व नांव दोन्ही वाचावीं, एवढा धडा त्यांतून खास मिळतो.

सबब आमची वाचकांस तीन गोष्टींची विनंती आहे. मतदारयादी प्रसिद्ध होतांच घरांतील प्रत्येकाचें, विशेषतः नव्यानें नांदावयास आलेल्या सुनेचें, नांव तपासावें. पुढील पुनर्रचना जेव्हां होईल, तेव्हां तिचा मसुदा हरकतींकरितां प्रसिद्ध केला जाईल. तो गांवचावडीवर वाचून, हरकत असल्यास मुदतींत लेखी द्यावी. आणि मतदानाचे दिवशीं शेतावरील मजुरासही सवड द्यावी. कारण पूर्वीं साऱ्यामुळें मत केवळ खातेदारास असे, आतां तें त्याचेंही आहे.